धाकटीचे दात

डबा उघडून मेणबाईनं नेहमीसारखे डोळे मिटले, नेहमीसारखे मनातल्या मनात धाकट्या जावेचे दात पाडले, आमेन म्हटलं, डोळे उघडले, आणि बघते तर काय, समोर पॉलिशवाली डबा पुढ्यात ठेवून, हात मांडीवर जोडून, डोळे मिटून बसलेली. मेणबाईचा चमचा हातातच राहिला. आता पॉलिशवाली म्हणजे काही डोळे मिटणाऱ्यांतली बाई नव्हे. तिनं वटारायचे आणि समोरच्यानं मिटायचे, अशी आजवरची रीत. कवळ्यांच्या त्या कारखान्यात सगळ्यांत जास्त आवाज तिच्या यंत्राचा, आणि त्या आवाजाच्या वर आवाज काढून बोलायची तिला इतकी सवय, की यंत्र बंद असलं तरी तिचं कुजबुजणं रस्त्यापलीकडच्या चपलांच्या दुकानात ऐकू जाई. देवाचं नाव कुणी काढलं तर म्हणायची, आमच्या घरचा देव मी लहान असतानाच घर सोडून गेला, बापाच्या सोबतीनं. आणि तीच बाई आता, सुई टोचून घ्यायला दंड पुढे करावा तशी, चेहरा आवळून बसली होती. गालावर पॉलिशच्या भुकटीचे करडे शिंतोडे तसेच. ओठ हलत होते, पण शब्द नव्हते. नुसते ओठ. मेणबाई दचकली, जिना संपला असं समजून टाकलेलं पाऊल आणखी एका पायरीवर पडावं तसं.

मग पॉलिशवालीनं एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि विचारलं, "जमलं का हो?"

काय जमलं ते पॉलिशवालीनंच सांगितलं, आणि सांगितलं ते डब्यातलं खाता खाता, कालचा सिनेमा सांगावा तसं. की मी तुमच्याकडे बघत आलेय. रोज. तुम्ही डबा उघडता, डोळे मिटता, आणि तुमचा चेहरा असा होतो, की आत कुणाचं तरी भलं चाललंय. आधी मला हसू यायचं. मग राग यायला लागला, की हिला एवढं काय मिळतं तिथं आत. काही वर्षांपूर्वी तुमची सासू गेली तेव्हा तिला पुरून तुम्ही दोन दिवसांत कामावर आलात, डबा उघडलात, तेव्हा डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि तरी ओठ हलत होते. त्या दिवशी मी म्हटलं, खोटं नाही हे. खोटं असतं तर आज सुटी घेतली असती. माझा बाप, तुम्हाला माहीतच आहे, आम्हाला टाकून गेलेला, तो म्हातारा होऊन परत आलाय, आणि मी दार लावून घेतलंय. तो घरासमोरच्या बसथांब्यावरच्या बाकावर येऊन बसतो. कामाला येताना दिसतो, जाताना दिसतो, हाक मारत नाही, नुसता बसतो. तर मी तुमच्याकडे बघत होते आणि त्या बाकाचा विचार करत होते, इतके दिवस. आणि गेल्या रविवारी गेले, आणि म्हटलं चल. आणला घरी.

एवढं बोलून तिनं घास गिळला आणि मग तिचा आवाज खाली आला. तिचा आवाज खाली येऊ शकतो हे मेणबाईला त्या दिवशी कळलं.

"आणलाय खरा, पण सकाळी उठून त्याला बघितलं की गळा दाबावासा वाटतो. तुम्ही त्या वेळी जे म्हणत होता ना, सासू गेली तेव्हा, ते शब्द मला शिकवा. नुसते डोळे मिटून काही होत नाही. शब्द पाहिजेत. नाहीतर काही खरं नाही, येत्या रविवारी मी त्याला परत बाकावर नेऊन बसवीन."

तेवढ्यात जेवणाची सुटी संपल्याची घंटा झाली. पॉलिशवाली डब्याचं झाकण दाबत म्हणाली, उद्या सांगा, घाई नाही. आणि गेली. तिचं यंत्र सुरू झालं. मेणबाईचा डबा भरलेलाच होता.

दातखिळी बसते म्हणतात ना, तिचं काम दातांचं, पण ती बसते कशी हे तिला आज समजलं. ती आपल्या टेबलाशी येऊन बसली, स्पिरिटचा दिवा लावला, मेणाची सुरी ज्योतीवर धरली. ते काम कसं, ते सांगायला हवं. दातांचे डॉक्टर आपापल्या दवाखान्यांतून माणसांच्या तोंडाचे ठसे पाठवत. प्लास्टरवाला त्या ठशांत पांढरं प्लास्टर ओतून माणसाच्या हिरड्या जशाच्या तशा उभ्या करी. मेणबाई त्यांच्यावर गुलाबी मेण चढवी आणि मेणात एकेक दात रोवी, पटाशीचे, सुळे, दाढा, प्रत्येकाचा कल सांभाळून. मग मेण जाऊन तिथं पक्की कवळी भरली जाई, आणि शेवटी पॉलिशवालीच्या फिरत्या कापडी चाकावर तिला जिवंत तोंडासारखी ओली चकाकी येई. ज्यांचे चेहरे कधी दिसायचे नाहीत अशा माणसांची तोंडं मेणबाई ओळखून होती. हा दात-ओठ खाऊन जगलेला, ही एकाच बाजूनं चावणारी, ह्यानं पाइप ओढला. प्लास्टरवाला शपथेवर सांगायचा, की तिनं बसवलेली एका गवयाची कवळी वरच्या सुराला तोंडातून सुटली आणि पहिल्या रांगेतल्या बाईच्या मांडीवर पडली, तर तिथंही ती सूर धरून होती. मेणबाई त्यावर म्हणायची, पडली ती कवळीची चूक नाही, गवयानं तोंड जास्त उघडलं. पण आज तिचंच तोंड कुणीतरी उघडून, आरसा घालून, दिवा मारून बघितलं होतं. आणि बघणाऱ्याला आत जे दिसलं ते तिथं नव्हतंच. हाच तर धक्का. चोरी पकडली गेली असती तर माणूस निदान शरमेनं लाल तरी होतो. इथं चोराच्या गळ्यात हार घातला होता.

कारण सासू गेली त्या दिवसांत मेणबाई डोळे मिटून म्हणत होती ते असं, की देवा, धाकटीचे दात पाड. एकेक पाड. वरून सुरुवात कर.

त्याच्या आधी ती खरंच प्रार्थना करायची. रविवारच्या शाळेत शिकवलेली, अन्नाबद्दल उपकार मानायची, लहान मुलांची, चालीवरची. मोठेपणी चाल गेली पण ठेका राहिला, आणि त्या ठेक्यात घास गोड लागायचा. पाळकसाहेब सांगायचे, की लोक तुमच्याकडे बघत असतात, तुमच्या वागण्यातून त्यांना प्रभू दिसला पाहिजे. मेणबाई मनात म्हणायची, माझ्याकडे कोण मरायला बघतंय, आमच्या कारखान्यात सगळे दातांकडे बघतात. आपल्या खिडकीला पडदा नाही हे माणसाला किती उशिरा कळावं. सुरी तापून लाल व्हायला आली होती. तिनं ती मेणात घातली तर मेण चर्र करून पळालं, आणि जळक्या मेणाच्या वासासरशी सासू आली.

सासू तोंडानं बोळकी होती आणि स्वभावानं नटवी. थोरली सून, म्हणजे मेणबाई, ह्या कारखान्यात लागली, हात बसला, तेव्हा तिनं काम सुटल्यावर मागं थांबून थांबून सासूची कवळी केली. दात निवडताना पांढरेशुभ्र नाही घेतले, वयाला शोभतील असे किंचित पिवळसर घेतले. आणि लग्नाच्या फोटोत सासूचा पुढचा एक दात शेजारच्यावर जरासा चढलेला दिसायचा, तसाच तो चढवला. मालक म्हणाले, वाकडा कशाला बसवतेस, तर ही म्हणाली, हा वाकडा नाही, हा त्यांचा आहे. सासूनं कवळी घातली, आरशात बघितलं, आणि रडली. मग उपासना संपल्यावर देवळाच्या पायऱ्यांवर उभी राहून येईल त्याला दात दाखवून म्हणायची, ही माझी थोरली कमाई. सासू राहायला धाकटीकडे, कारण धाकटीचं घर तळमजल्यावर होतं. थोरली रविवारी भेटायला जाई तेव्हा सासू दारातच हसायची, सगळे दात दाखवून, थेट दाढांपर्यंत. त्या हसण्यासाठी मेणबाई आठवडा काढायची. घरी नवरा चिडवायचा, की आईला भेटायला जातेस की आपल्या कामाची तपासणी करायला.

आणि मग ती पेटी. पांढऱ्या कापडात सासू, हात छातीवर, आणि तोंड आत गेलेलं. गालांचे खळगे, ओठ गिळल्यासारखे, नाक हनुवटीला टेकायला निघालेलं. सगळी मंडळी पेटीभोवतीनं जात होती आणि बघत होती. मेणबाईनं धाकटीला कोपऱ्यात गाठून विचारलं, कवळी कुठाय. धाकटीनंच अंग पुसलं होतं, कपडे घातले होते. ती वळली, रात्रभराच्या जागरणानं सुजलेल्या डोळ्यांनी बघितलं, आणि म्हणाली, "काढून ठेवली मी. आता काय चावायचंय त्यांना."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. बहुधा मूलच असावं. पण मेणबाईच्या कानात ते धाकटीच्याच तोंडून आलं. आणि तेवढ्यात पाळकसाहेब म्हणाले, आपण प्रार्थना करू, आणि सगळ्यांनी डोळे मिटले, आणि त्या मिटलेल्या डोळ्यांच्या लालसर काळोखात मेणबाईला धाकटीचं तोंड दिसलं, भक्कम, एकही कीड नसलेलं, घोड्यासारखं. धंद्याची नजर ती. आणि तिनं पहिल्यांदा मागणं मागितलं. दोन दिवसांनी कारखान्यात डबा उघडला तर उपकाराची ओळ आलीच नाही, तेच मागणं आलं. पुढं पुढं त्याला शिस्त आली. रोज एक दात. आज वरचा उजवा सुळा, उद्या त्याच्या मागचा. मेणात रोवायचा क्रम तिच्या बोटांत होता, तोच उलटा चालवायचा. सगळं तोंड रिकामं झालं की पुन्हा पहिल्यापासून. रडू गेलं, राग गेला, एवढंच नव्हे, तर मनातून धाकटीही गेली. धाकटीशी बोलणं बंद, जाणंयेणं बंद, चेहराही हळूहळू पुसला गेला, आणि शेवटी उरलं ते नुसतं एक कामच, टाके घालावेत तसं, शांतपणे, नीट, एकेक. आणि त्या शांततेकडे बघून पॉलिशवाली बाकावरच्या म्हाताऱ्याला घरी घेऊन आली.

मेणबाईला भीती वाटली ती ह्याची. शाप देणाऱ्याचा चेहरा शाप देणाऱ्यासारखा का नाही होत? आपण आत दात पाडत होतो तेव्हा बाहेर हा चेहरा कोण करत होतं? तिनं गालाला हात लावून बघितला. मेणाचे हात, गालाला चिकटले. समोर प्लास्टरचे जबडे रांगेनं उघडे होते आणि सगळे आ वासून तिच्याकडे बघत होते, तिच्याइतकेच थक्क. मालक फिरत फिरत आले, तिच्या पुढ्यातलं काम उचललं, उजेडाकडं धरलं आणि म्हणाले, मेणबाई, हा गृहस्थ दोन्ही बाजूंनी डावाच आहे का? दोन्हीकडे तिनं डावेच सुळे बसवले होते. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मालक रागावले नाहीत, उलट काळजीनं बघायला लागले, तेव्हा तिला आणखीच कसंतरी झालं. आता आणखी एक जण बघतोय. तिनं सुळा काढला. मेणात त्याची जागा राहिली, छोटीशी, ओली, गुलाबी.

घरी जाताना तिनं मुद्दाम पॉलिशवालीच्या थांब्यावरून जाणारी बस धरली. का, ते तिलाच माहीत नाही. बाक दिसला. रिकामा होता. बाकाच्या एका टोकाला रंग उडाला होता, माणूस टेकायचा तेवढाच भाग, आणि त्या उडालेल्या रंगाकडे बघून तिला एकदम असं वाटलं, की हा बाक आपल्या भरवशावर रिकामा आहे. आपल्या. म्हणजे धाकटीच्या दातांच्या. कुणी हसावं की रडावं. बस हलली आणि बाक मागं गेला, पण तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

तिच्या मनात सुटकेच्या वाटा येत होत्या, नाही असं नाही. रविवारच्या शाळेतली ओळ सांगून मोकळं व्हायचं. छान आहे, ठेका आहे, पॉलिशवालीला पाठ होईल. तिला काय कळणार, की सासू गेली त्या दिवशीचे शब्द हे नव्हते. पण ती बाई भोळी नव्हती. आयुष्यभर खोट्याची चकाकी स्वतःच्या हातानं आणत आली होती, खरं कुठलं आणि घासून आणलेलं कुठलं ते तिच्या बोटांना कळायचं. ती ते शब्द म्हणून बघेल, आणि ते तिच्या सकाळी टिकणार नाहीत, आणि रविवारी बाकावर म्हातारा असेल. आणि खरं सांगितलं तर? तर रविवारचीही वाट बघायला नको.

रात्रीचं जेवण वाढताना तिनं नवऱ्याला विचारलं, धाकटीचे दात कसे आहेत?

नवऱ्याचा घास तोंडापर्यंत जाऊन थांबला. ह्या घरात धाकटीचं नाव निघालं त्याला युगं झाली होती, आणि निघालं तर असं. दोघे भाऊ न्हाव्याच्या दुकानात एकमेकांना भेटतात, हे मेणबाईला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे त्याला माहीत नव्हतं. दर पंधरा दिवसांनी केस कापून येणारा टक्कल पडलेला नवरा कुठल्या बायकोला कळत नाही? तो सावधपणे म्हणाला, की असतील. म्हणजे, असणारच. मी काही तिचा जबडा बघितला नाही. मग थोडं थांबून, पाण्याचा पेला उगाचच फिरवत, तो म्हणाला, का ग, काही ऐकलंस का. मेणबाई नाही म्हणाली. आणि त्या क्षणी तिच्या लक्षात आलं, की आपण इतका काळ मागतोय ते मिळालं की नाही हे एकदाही जाऊन बघितलेलं नाही. आणि मिळालं असेल तर? खरंच पडले असतील तर? वरून सुरुवात करून, एकेक, आपण सांगितल्या क्रमानं? ती उठली आणि आधीच स्वच्छ असलेली भांडी घासायला लागली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत पॉलिशवाली आधीच येऊन बसली होती. हात धुतलेले, चेहरा धुतलेला, डबा उघडलेला, परीक्षेला बसल्यासारखी. प्लास्टरवाल्यानं आपला रेडिओ बारीक केला आणि पाठ करून बसला, ऐकत नसल्याचं दाखवत. मेणबाईनं डबा उघडला. रविवारच्या शाळेची ओळ तोंडाशी तयार होती. तिनं डोळे मिटले. लालसर काळोख आला, आणि त्यात धाकटीचं तोंड आलं. पण आज ते भक्कम नव्हतं. आज ते पेटीतल्या सासूचं तोंड होतं, आत गेलेलं, ओठ गिळलेलं, आणि त्याच्यावर डोळे मात्र धाकटीचे, जागरणानं सुजलेले. रात्रभराचं जागरण. कुणाच्या उशाशी बसून केलेलं? मेणबाईनं ते डोळे तेव्हा बघितले होते, पण तिला फक्त तोंड दिसलं होतं. तिच्या घशातून आवाज आला तो तिचा तिलाही ओळखू आला नाही.

"देवा, धाकटीचे दात राहू दे."

आणि पॉलिशवालीनं, शाळेत बाईंच्या मागून म्हणावं तसं, एक अक्षर न बदलता, तिच्या त्या दांडग्या आवाजात म्हटलं, "देवा, धाकटीचे दात राहू दे." चपलांच्या दुकानापर्यंत गेलं असणार. मग तिनं डोळे उघडले आणि विचारलं, ही धाकटी कोण?

मेणबाईनं सांगितलं. सगळं सांगितलं नाही, सगळं सांगायला सुटी पुरली नसती, पण कवळी सांगितली, पेटी सांगितली, आणि वरून सुरुवात कर हेही सांगितलं. पॉलिशवालीचा घास गालात राहिला. ती बघत होती, आणि मेणबाईला कधी कुणाच्या बघण्याचं इतकं वजन जाणवलं नव्हतं.

"म्हणजे तुम्हीपण गळाच दाबत होता," पॉलिशवाली शेवटी म्हणाली.

"हो."

"रोज?"

"रविवार सोडून. रविवारी देवळात गर्दी असते."

पॉलिशवाली हसली नाही. तिनं विचारलं, मग चेहरा तसा कसा व्हायचा. मेणबाई म्हणाली, चेहऱ्याचं मला माहीत नाही, तो मी करत नव्हते. तो कोण करत होतं ते मी काल दुपारपासून शोधतेय आणि मला भीती वाटायला लागलीय. प्लास्टरवाल्यानं मागं वळून बघितलं. पॉलिशवाली डबा आवरत म्हणाली, की मग माझ्या म्हाताऱ्याचं मी काय करू ते सांगा. मी तर तुमच्या भरवशावर आणला. मेणबाई म्हणाली, मला माहीत नाही. पण मी आज काम सुटल्यावर धाकटीकडे जाते. हे ती म्हणाली आणि मग तिला कळलं, की आपण म्हणालो. पॉलिशवालीनं मान हलवली. ठीक आहे, म्हणाली, तुम्ही जाऊन या, तोवर तो घरात राहील. आणि यंत्राकडे जाता जाता वळून म्हणाली, नाही गेलात तर बाक काही लांब नाही.

धाकटीचं घर तसंच तळमजल्यावर, खिडकीत तशाच कुंड्या. मेणबाईनं घंटा वाजवली. आत पावलं वाजली. तिनं डोळे मिटले नाहीत. मिटले असते तर ती तिथून पळून गेली असती. दार उघडलं, धाकटी समोर आली, थोरलीला बघितलं, आणि तिनं आ वासला.

धंद्याची नजर ती, ती कुणाच्या बापाची वाट बघत नाही. उघड्या तोंडात संध्याकाळचा उजेड सरळ आत गेला होता. वरचे पटाशीचे होते. दोन्ही सुळे होते. खालचे सगळे, सरळ, भक्कम, घोड्यासारखे. देवानं इतक्या वर्षांत मेणबाईचं अक्षरही ऐकलं नव्हतं. शब्द सगळे बाजूला टाकले होते आणि नुसते मिटलेले डोळे उचलून दुसऱ्याच कामाला लावले होते. तिला रडू येणार होतं, तेवढ्यात तिला दिसलं, की वर उजवीकडची मागची एक दाढ नाही. ती थिजली. ती कुठल्या दिवसाची? पहिल्या आठवड्याची असावी. निदान एक तरी त्यानं ऐकली, की ती आपली आपण किडली? तोंडातून शब्द निघाले ते असे, इतक्या वर्षांनंतरचे पहिले, उंबऱ्याबाहेर उभ्याउभ्या.

"दाढ कधी काढलीस?"

धाकटीनं तोंड मिटलं. गालाला हात लावला. मग म्हणाली, ती होय, ती मेली जन्मापासून त्रास देत होती, तुम्ही यायचात तेव्हापासून. आत या, वहिनी, दारात काय. आणि वळून आत गेली, कारण तिला तोंड दाखवायचं नव्हतं.

स्वयंपाकघराच्या टेबलाशी त्या दोघी बसल्या. धाकटीनं चहा केला, साखर विचारली नाही, बरोबर घातली. खिडकीच्या फळीवर एक काचेची वाटी होती, पालथ्या बशीखाली झाकलेली, स्वच्छ पाण्याची, आणि त्या पाण्यात सासूची कवळी होती. चढलेल्या दातासकट. पाणी रोज बदलत असावी, नाहीतर काच अशी राहत नाही. मेणबाई बघत राहिली. मग तिनं विचारलं, तेव्हा का काढलीस.

धाकटी म्हणाली, "चावायची त्यांना ती, वहिनी. पहिल्यापासून. हिरडीला जखमा व्हायच्या. तुम्ही दाराबाहेर पडून रस्त्याला लागलात, की काढून ठेवायच्या, आणि रविवारी तुमची पावलं वाजली की घालायच्या. मला शपथ घातली होती, थोरलीला सांगायचं नाही, तिनं माझा वाकडा दातसुद्धा आठवणीनं बसवलाय. शेवटच्या रात्री म्हणाल्या, आता काढ ग, आता मला ती नको. आता काय चावायचंय मला. मी तुम्हाला तेच सांगितलं, त्यांचंच बोलणं. तुम्ही ऐकून घेतलं नाहीत, आणि मला रडू फुटलं होतं."

मेणबाईनं चहाचा कप खाली ठेवला. तिला तो ठेवल्याचा आवाज आला नाही. दारातलं ते हसू, दाढांपर्यंतचं, आठवड्याआठवड्याला. आत रक्त येत होतं आणि बाहेर ते हसू. तिनं वाटी ओढली, पाण्यातून कवळी काढली, बोटाच्या टोकानं आतली कड चाचपली, आणि तिच्या बोटाला, जे बोट कधी चुकत नाही म्हणत, ती धार लागली. बारीकशी. डाव्या बाजूला, मागं. दोन मिनिटांचं काम होतं. पॉलिशवालीच्या चाकावर नुसतं टेकवलं असतं तरी गेली असती. कुणी सांगितलं असतं तर.

बराच वेळ ती ते बोट त्या धारेवरून फिरवत बसली. बाहेर खिडकीसमोरून माणसं घरी चालली होती. धाकटीनं समोर खायला आणून ठेवलं आणि ती हात जोडून बसली, डोळे मिटून, थोरली प्रार्थना म्हणेल म्हणून थांबली. मेणबाईजवळ शब्द म्हणून एकही नव्हता. तिनं डोळे उघडेच ठेवले आणि समोरच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत राहिली, त्यांच्याभोवतीच्या सुरकुत्यांकडे, गालावरच्या किंचित खड्ड्याकडे जिथं आतून दाढ नव्हती, आणि तिला वाटलं, पॉलिशवालीला असंच दिसत असेल. आत काय चाललंय ते बाहेरून कुणाला कळतंय. तरी माणूस बघत राहतो.

"आमेन," ती म्हणाली. धाकटीनं डोळे उघडले आणि म्हणाली, काहीच ऐकू आलं नाही. मेणबाई म्हणाली, नव्हतंच काही. मग तिनं हात पुढे करून धाकटीची हनुवटी धरली, उजेडाकडं वळवली, जसा प्लास्टरचा जबडा वळवायची तसा, पण हलक्या हातानं.

"उघड. ती दाढ मी बसवून देते. चावली तर सांगशील?"

धाकटी तोंड उघडं ठेवूनच काहीतरी बोलली. ते कळलं नाही. मेणबाईनं हात काढला, तेव्हा धाकटीनं तोंड मिटलं, डोळे पुसले आणि पुन्हा सांगितलं.

"सांगीन. तोंडावर सांगीन."